दुसरा दगड

फौजेत ड्रायव्हरीची परीक्षा दिली तेव्हा मी गाडीचं पंक्चर झालेलं चाक काढलं, आणि तेच परत बसवलं.

खोटं सांगत नाही. दोन्ही चाकं शेजारी शेजारी ठेवली होती. डोक्यावर ऊन. घाम पुसला, हाताशी आलं ते चाक उचललं, नट आवळले, जॅक उतरवला आणि कडक सॅल्यूट ठोकला. "चाक बदली किया, उस्ताद!" माझ्या मागे गाडी हळूच एका अंगावर कलली.

उस्ताद म्हणजे आम्हाला शिकवणारे हवालदार. ते गाडीकडे बघत राहिले. मग विचारलं, "गाँव कौन सा?"

"आचरा, उस्ताद. मालवण के पास."

"उधर गाडी है?"

"बैलगाडी है, उस्ताद."

"बैल का मुँह किधर होता है, वो तो मालूम है ना?"

मग ते चाक ढकलत ग्राउंडला अकरा फेऱ्या मारल्या. बारावी फेरी माफ केली, कारण बघणाऱ्यांचं हसून हसून पोट दुखायला लागलं होतं.

त्या दिवसापासून उस्तादांनी जे शिकवलं ते आजपर्यंत विसरलो नाही. वळणावर किंवा चढावर चाक बदलायचं नाही. टायर फाटला तरी चालेल, सपाट जागा येईपर्यंत गाडी हळूहळू न्यायची. हँडब्रेक ओढायचा, गाडी गियरमध्ये ठेवायची. रस्त्यावर पुढे आणि मागे माणूस उभा करायचा. जमिनीवरच्या चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे लावायचे. नट सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच. जॅक त्यानंतर. आणि एकदा गाडी जॅकवर चढली की तिच्या खाली कोणी जायचं नाही, उताराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. "जॅक गाडी को उठाता है, पकडता नहीं," हे उस्ताद दिवसातून एकदा म्हणायचेच.

हल्ली मी मालवणात एका डॉक्टरांची गाडी चालवतो. रस्त्यात चाक बसलं की मी हे सगळं करतो. माझी मुलं हसतात. थोरली म्हणते, "बाबांचं चाक म्हणजे सत्यनारायण. पूजेपेक्षा मांडणीला वेळ जास्त." डॉक्टरसाहेब सभ्य माणूस, ते फक्त घड्याळ बघतात. चाक दहा मिनिटांचं असतं, मला अर्धा तास लागतो. का लागतो, ते मी मुलांना कधी सांगितलं नाही. इथे सांगतो.

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होती, ट्रान्सपोर्ट कंपनीत. काम रोजचं एकच. पहाटे साडेपाचला रोल कॉल, साडेसहाला कॉन्व्हॉय सुटायचा, वर रेशन आणि रॉकेल पोचवायचं, अंधार पडायच्या आत खाली यायचं. मी नाईक, म्हणजे बाहीवर दोन फिती. माझ्या थ्री-टनर लॉरीवर दुसरा ड्रायव्हर होता लवू तांडेल. हा देवबागचा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या रेतीच्या पट्टीवर याचं घर. बापूस तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. मी आचऱ्याचा भातशेतीवाला. एका तालुक्यातले दोघे हजार मैलांवर एका लॉरीत बसलो, तर बोलणं काय होणार? दिवसभर एकमेकांची गावं काढायची.

"भाऊ, तुमी आचऱ्याची माणसां चिखलात वाढलास. तुमका दर्यो बघून चक्कर येता."

"आणि तुमची देवबागची माणसां? घरात भरतीचा पाणी इला काय पलंगार चढून रवतास."

लवू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. रिकामा वेळ मिळाला की बराकीत बसून जाळं विणायचा. तिथून समुद्र कुठे, पण सुई घरून आणलेली. विणायचा, उसवायचा, परत विणायचा.

आता त्या सकाळचं. थंडी अशी होती की डब्यातलं पाणी गोठलं होतं. स्टोव्हची पिन तुटलेली, लाकडं ओली. चहाशिवाय माझं इंजिन सुरू होत नाही, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. मी इकडे तिकडे बघितलं. लॉरीच्या मागे चाकाला लावायचे दोन ठोकळे होते. सागवानी, कोरडे ठणठणीत.

"लवू, ते ठोकळे फोड."

तो कुऱ्हाड घेऊन आला, पण थांबला. "होडयेचो टेको कोण जाळना नाय, भाऊ."

"ही होडी नाय. सांजेक स्टोअरातून दुसरे काढू."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर तू आसस मां? फोड."

ऑर्डर ती ऑर्डर. त्याने फोडले. चहा झाला, आम्ही दोघे दोन दोन मग प्यायलो. चांगला झाला होता. हे सांगायला नको, पण चांगला झाला होता.

कॉन्व्हॉयमध्ये बावीस गाड्या होत्या. आमची चौदावी. दहा वाजून वीस मिनिटांनी चढावर आमचं मागचं डावं चाक बसलं. दोन फर्लांगांवर रुंद सपाट जागा होती, मला ती माहीत होती. पण कॉन्व्हॉयच्या शेपटाला असलेली जमादारसाहेबांची जीप मागून आली. जीपवर वायरलेस होता आणि त्यावर सगळ्यात पुढची गाडी बोलत होती.

"टेल, लीड बोल रहा है. क्यों रुके? ओव्हर."

"लीड, टेल. एक गाडी पंक्चर. पाँच मिनट. ओव्हर."

"यहाँ पत्थर गिरता है. जल्दी करो. आउट."

जमादारसाहेब माझ्याकडे वळले. "परब, सुना?"

"सुना, साहब."

मी म्हणायला हवं होतं की, साहेब, ठोकळे नाहीत, गाडी सपाटीवर नेतो. पण मग ठोकळे कुठे गेले, हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "पाच मिनिटांत होतं."

हँडब्रेक ओढला. पहिला गियर टाकला. मागचं एक चाक वर उचललं की गियर गाडीला धरत नाही, हेही उस्तादांनी शिकवलं होतं. लवूला म्हटलं, "चाकाखाली दगड लाव." गाडीजवळ धड दगड नव्हते, सगळी चपटी खडी. एक चपटा दगड मिळाला, तो त्याने उजव्या मागच्या चाकाखाली सरकवला. मी जॅक चढवला आणि पाय लॉरीखाली पसरून नट काढायला बसलो. डॉक्टरांच्या गाडीचं चाक काढताना मी आज जे जे टाळतो, ते सगळं मी एका ठिकाणी करत होतो.

लवू दगडाकडे बघत उभा होता. "एक पुरूचो नाय, भाऊ. दुसरो आणतंय."

"आण, पण बेगीन."

तो मागे गेला. उताराच्या बाजूला. मोठे दगड तिकडेच होते.

दहा एकतीसला दगड सटकला. आधी करकर आवाज आला, मग जॅक तिरका झाला. मी वर बघितलं. लॉरीच्या मागे लवू दोन्ही हातांत मोठा दगड घेऊन येत होता. त्याने दगड टाकला आणि लॉरीच्या मागच्या फळीला खांदा दिला.

मी ओरडलो, "सोड! बाजूक हो!"

त्याने सोडलं नाही. मी पाय ओढून घेतले आणि लोळत बाहेर पडलो. गाडी सहा पावलं मागे आली आणि डोंगराच्या भिंतीला टेकली. मध्ये लवू होता.

तीन टनांची भरलेली लॉरी माणसाच्या खांद्याने थांबत नाही. हे मला ठाऊक आहे. मी बाहेर पडलो, हेही खरं आहे.

काढला तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, भायर इलंस?"

"इलंय."

त्याने मान हलवली. सव्वाअकराला दवाखान्याच्या तंबूत त्याने प्राण सोडला.

आठ दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजरसाहेब, दोन ऑफिसर, एक क्लार्क. मेजरसाहेबांनी विचारलं, "चाक के नीचे सहारा था?"

"था, साहब. पत्थर."

"लकडी के ठोकळे?"

"नहीं थे, साहब. रास्ते में कहीं गिर गए."

"मृत ड्रायव्हर गाडी के पीछे क्यों गया?"

"मालूम नहीं, साहब."

एवढं बोलून मी सॅल्यूट केला आणि बाहेर आलो. हा सॅल्यूट परीक्षेतल्याइतकाच कडक होता. इन्क्वायरीने लिहिलं की, मृत ड्रायव्हर स्थायी आदेश मोडून उताराच्या बाजूला उभा राहिला. मृत्यू त्याच्याच निष्काळजीपणामुळे. तसं पत्र देवबागला गेलं.

चार महिन्यांनी मला रजा मिळाली. लवूची पत्र्याची पेटी घरी पोचवायची होती. माझी बायको सुशीला म्हणाली, "मी येतंय. तुमका एकट्याक तेच्या आवशीच्या समोर उभा रवाक जमाचा नाय." मालवणहून आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो. पेटी माझ्या डोक्यावर, सुशीला पुढे, आणि मी दर शंभर पावलांवर थांबायचो. ती वळून म्हणायची, "सरकार तुमका पगार कसलो देता?"

देवबागला पोचलो तेव्हा एक होडी नुकतीच लागली होती आणि माणसं ती रेतीवर ओढत होती. आमच्याकडे किनाऱ्यावर होडी ओढत असतील तर जो असेल त्याने हात लावायचा. पाहुणा असो, भटजी असो. पेटी खाली ठेवून मीही हात लावला. खाली ओंडके, दोन्ही बाजूला माणसं. एका म्हाताऱ्याच्या हातात होडीला अडवायचं लाकूड होतं, तो मागे पाण्याच्या बाजूला उभा. हैसा, हैसा. एवढ्यात एक मोठी लाट आली आणि परत जाताना होडीला मागे खेचायला लागली. म्हाताऱ्याने हातातलं लाकूड टाकलं आणि होडीला खांदा दिला. कोणी त्याला सांगितलं नाही. कोणी दचकलंही नाही. दोघे तिघे धावले, त्यांनीही खांदे लावले, होडी थांबली.

माझे हात होडीवरच राहिले. तो खांदा मी आधी बघितला होता. डोकं खाली, डावा पाय मागे रुतवलेला, सगळं तसंच.

तो म्हातारा म्हणजे लवूचा बापूस, गुणाजी तांडेल.

घरी बसलो. लवूच्या आवशीने, म्हणजे आईने, पाणी दिलं. गुणाजीकाकाने पेटीला हात लावला नाही.

"तू तेच्या वांगडा होतस?"

"होय, काकानू."

"सरकारचा पत्र इला. मास्तरान वाचून दाखवल्यान. निष्काळजीपणा म्हणजे काय, ताय समजावल्यान." त्याने पेटीकडे बोट केलं. "सात वर्साचो होतो तेव्हापासून तो माझ्या होडयेर आसा. कोण खंय उभो रवाचो, ता तेका म्हायत होता. माका खरा सांग. माझ्या झीलाचा चुकला?"

सांगायला यापेक्षा चांगली वेळ माणसाला मिळत नाही. समोर बापूस, बाजूला आवस, आणि प्रश्न सरळ.

मी म्हटलं, "नशीब, काकानू."

म्हाताऱ्याने मान हलवली. "म्हणजे तो चुकलोच." तो उठला, पेटी उचलून मागच्या पडवीत ठेवली. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "तेचा नाव हय काढू नको."

परतताना वाटेत मी सुशीलेला सगळं सांगितलं. ठोकळे, चहा, दुसरा दगड, इन्क्वायरी. ती थांबली. देवबाग अजून मागे दिसत होतं.

"ह्या माका कित्याक सांगतास? मागे फिरा."

मी म्हटलं, आधी कंपनीत जाऊन कागदावर खरं लिहितो, मग तो कागद घेऊन येतो. नुसत्या बोलण्याला काय किंमत? कारण चांगलं होतं. भित्र्या माणसाला कारणं चांगलीच सुचतात. ती पुन्हा म्हणाली, "मागे फिरा." मी पुढे चाललो. ती काही वेळ तिथेच उभी राहिली, मग आली.

कागदावर खरं लिहायला मला पाच महिने लागले. रोज संध्याकाळी ठरवायचो, रोज सकाळी कॉन्व्हॉय असायचा. शेवटी एक दिवस ओसी साहेबांसमोर, म्हणजे कंपनीच्या प्रमुखासमोर, उभा राहिलो आणि बोललो. साहेबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"इसका मतलब समझते हो, परब?"

"समझता हूँ, साहब."

इन्क्वायरी परत उघडली. मधे बरेच महिने गेले. माझी एक फीत गेली, नाईकचा लान्स नाईक झालो. बराकीत पोरांनी थट्टा केली, ती मला उलट बरी वाटली. नव्या कागदावर होतं की, मृत ड्रायव्हरचा दोष नाही. गाडीला दुसरा आधार लावण्यासाठी तो स्वतःहून दगड आणत होता. ठोकळे गाडीप्रमुखाने नष्ट केले होते. पोस्टाने नवीन पत्र जाईलच, असं ओसी साहेब म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मी स्वतः नेतो. साहेबांनी नक्कल सहीनिशी दिली.

रजा मिळून देवबागला पोचलो तेव्हा पहिल्या भेटीला एक वर्ष होऊन गेलं होतं. सुशीला बरोबर होतीच. लवूची आवस अंगणात सुकं मासळं उलटत होती. माझ्याकडे बघून तिने हात पुसले.

"काका खंय?"

"गेले. दिवाळेच्या आधी. तीन दिवस ताप."

 सुशीलेने तिला खाली बसवलं, आपण बाजूला बसली. आवस हळूहळू बोलली. "शेवटपर्यंत तेंच्या तोंडात झीलाचा नाव नाय." फक्त होडी ओढताना कोणी पोरगा पाण्याच्या बाजूला रेंगाळला की म्हातारा ओरडायचा. "थंय रव नको रे! माझ्या झीलान तीच चूक केल्यान." दर वेळी. सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं.

मी कागद काढला. तो इंग्रजीत होता. मी वाचायचो आणि मालवणीत सांगायचो. ठोकळ्यांचं वाचताना "मी" असा शब्द घातला. कागदात तो नव्हता.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "परत वाच. दगडाचा वाच."

मी परत वाचलं. लवू दुसरा दगड आणायला गेला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एक पुरणार नाही, हे त्यालाच कळलं होतं.

"माका शिव्या घाला, काकी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं पण नाही. कागद हातातून घेतला आणि उठली. शेजारच्या कुंपणाशी गेली, हाक मारली. तिथून पुढच्या घरी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, कागद उलटा होता. आम्हाला अंगणात बसल्या बसल्या ऐकू येत होतं. "ऐकलास? सरकारान लिवल्यान. माझ्या लवून चूक करूक नाय. दगड आणूक गेल्लो तो. ऐकलास गो?" एकेक घर करत ती शेवटच्या माडापर्यंत गेली. लवूचं नाव त्या किनाऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा कोणी मोठ्याने घेतलं असेल.

ड्रायव्हर लवू गुणाजी तांडेल. राहणार देवबाग. वय सव्वीस. जाळं छान विणायचा, गाडी माझ्याहून चांगली चालवायचा, आणि चढावर एक दगड पुरत नाही हे त्याला न शिकवता येत होतं.

परतताना आम्ही रेतीवरून चाललो होतो. बाहीवर गेलेल्या फितीची जागा जरा गडद दिसत होती, बाकी कापड उन्हाने विटलेलं. सुशीलेचं लक्ष तिकडे गेलं. मला वाटलं, आता ही मला धीर देणार. मी लगेच म्हणालोही, "एक फीत गेली, चालात. खरा सांगलंय, ह्या बरा झाला."

ती चालता चालताच म्हणाली, "फीत तुमका परत मिळतली. त्या म्हाताऱ्याचा एक वरस तुमी खंयसून आणतलास?"